सिंकथिंग जास्त मेमरी घेत असल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंकथिंग हे दोन किंवा अधिक संगणकांवरील फोल्डर परस्परांशी जुळते ठेवणारे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. फायली कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर साठवल्या जात नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि वर्गणीही भरावी लागत नाही. त्यामुळे अनेक जण ते ४ किंवा ८ जीबी रॅमच्या जुन्या संगणकांवर बसवतात आणि काही दिवसांनी टास्क मॅनेजरमधील आकडा पाहून काळजीत पडतात. ही काळजी कधी रास्त असते, कधी आकडा चुकीच्या ठिकाणी पाहिलेला असतो. तो फरक ओळखता यावा आणि जिथे मेमरी खरोखर वाचवता येते तिथे ती वाचवता यावी, यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. सेटिंगची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतात. येथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. केबी, एमबी आणि जीबी ही मापे सर्वत्र १०२४ च्या पटीत धरली आहेत.

माझा फोल्डर ५०० जीबीचा आहे. मग मेमरीही त्याच प्रमाणात लागणार का?

नाही. मेमरीचा संबंध जीबींपेक्षा फायलींच्या संख्येशी आणि एका वेळी चाललेल्या कामांच्या संख्येशी अधिक आहे. हे एकदा नीट समजले की पुढची जवळजवळ सगळी उत्तरे आपोआप लागतात, म्हणून येथे थोडा हिशेब मांडतो.

सिंकथिंग प्रत्येक फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ पद्धतीने ३२ बाइटांचा हॅश, म्हणजे त्या तुकड्याची ओळख पटवणारी छोटी खूण, काढते. तुकड्याचा आकार फाइलच्या आकारावर ठरतो: २५० एमबीपर्यंतच्या फाइलला १२८ केबीचा तुकडा, त्यापुढे फाइल मोठी होत जाईल तसा तुकडाही दुप्पट दुप्पट होत जातो आणि १६ एमबीवर थांबतो. एका फाइलचे तुकडे साधारण दोन हजारांच्या आत राहावेत, हा त्यामागचा हेतू आहे.

आता दीड जीबीचा एक व्हिडिओ घ्या. त्याला १ एमबीचा तुकडा लागू होतो, म्हणजे १५३६ तुकडे आणि हॅशची यादी अवघी ४८ केबीची. तेवढीच दीड जीबी जागा ४ एमबीच्या फोटोंनी भरली, तर ३८४ फोटो होतात, प्रत्येकाचे ३२ तुकडे, आणि एकूण हॅश ३८४ केबी. तेवढीच जागा ४ केबीच्या बारीक फायलींनी भरली, तर फायलींची संख्या ३,९३,२१६ होते. त्यांचे नुसते हॅशच १२ एमबी होतात. शिवाय प्रत्येक फाइलचे नाव, तिचा मार्ग, बदलाची वेळ, परवानग्या आणि कोणत्या यंत्राने ती केव्हा बदलली याची नोंद वेगळी ठेवावी लागते. डिस्कवरची जागा तिन्ही वेळा सारखीच आहे, पण सांभाळायच्या नोंदी एकावरून जवळजवळ चार लाखांवर गेल्या आहेत.

ही सगळी माहिती कायम रॅममध्ये नसते. ती डिस्कवरील डेटाबेसमध्ये असते आणि लागेल तेवढीच वर आणली जाते. तरीही डेटाबेस जितका मोठा, तितका त्याचा कॅशे (पटकन सापडावी म्हणून रॅममध्ये धरलेली माहिती) मोठा आणि प्रत्येक स्कॅनच्या, म्हणजे बदल शोधण्यासाठी फोल्डर तपासण्याच्या, वेळी हाताळायच्या नोंदी जास्त.

सिंकथिंग नेमकी किती मेमरी घेते, हे कुठे पाहावे?

सर्वाधिक गैरसमज येथेच होतात. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये सिंकथिंगच्या दोन प्रक्रिया दिसतात. त्यांतली एक पहारेकऱ्याची असते: मुख्य प्रक्रिया बंद पडली तर ती पुन्हा सुरू करणे एवढेच तिचे काम, आणि ती फारच थोडी मेमरी घेते. आकडा पाहायचा तो दुसरीचा. ट्रेमध्ये चिन्ह दाखवणारे एखादे साहाय्यक सॉफ्टवेअर बसवले असेल आणि ते स्वतःच्या आत ब्राउझरचे इंजिन घेऊन येत असेल, तर त्याची मेमरी वेगळी मोजावी. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८३८४ क्रमांकाच्या पोर्टवर उघडे ठेवलेले सिंकथिंगचे पानही ब्राउझरच्या खात्यावर मेमरी खाते. ते पान दिवसभर उघडे ठेवण्याची काहीच गरज नाही. ते बंद केल्याने सिंक थांबत नाही.

लिनक्सवर एचटॉप या प्रक्रिया दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचे दोन स्तंभ शेजारी-शेजारी असतात. पहिला आभासी मेमरीचा असतो आणि तो अनेकदा घाबरवून सोडण्याइतका मोठा दिसतो. सिंकथिंग ज्या गो भाषेत लिहिले आहे, तिच्यातले प्रोग्रॅम पत्त्यांची मोठी जागा आधीच राखून ठेवतात. ती राखीव जागा म्हणजे वापरलेली रॅम नव्हे. पाहायचा तो दुसरा, म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीचा स्तंभ.

आणखी एक फसवा आकडा सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवर पार्श्वभूमीतील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, स्टेटसमध्ये दिसतो. तिथे सेवेच्या नावापुढे जी मेमरी दाखवली जाते, तिच्यात त्या सेवेने वाचलेल्या फायलींचा कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) ठेवलेला कॅशेही धरलेला असतो. सिंकथिंगने हॅश काढण्यासाठी नुकतेच हजारो फोटो वाचले असतील, तर हा आकडा सहज जीबींमध्ये जातो. दुसऱ्या कोणाला रॅम लागताच कर्नल तो कॅशे सोडून देतो. त्यामुळे लिनक्सवर एकूण परिस्थिती पाहताना ‘फ्री’ या आज्ञेतील मोकळ्या मेमरीपेक्षा ‘अव्हेलेबल’ या स्तंभावर विश्वास ठेवावा.

निदान एक पूर्ण दिवस थांबून, स्कॅन चालू असताना, फायली उतरत असताना आणि सर्व शांत असताना, अशा तीन वेळांचे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. शांत अवस्थेतला आकडा ठीक असेल आणि फक्त स्कॅनच्या वेळचा शिखराचा आकडा मोठा असेल, तर उपाय वेगळे. शांत अवस्थेतही आकडा मोठाच असेल, तर वेगळे.

पहिल्या स्कॅनमध्ये मेमरी चढते आणि स्कॅन संपल्यावरही लगेच उतरत नाही. असे का?

पहिल्या स्कॅनमध्ये प्रत्येक फाइल नवी असते, म्हणून प्रत्येकीचा हॅश काढावा लागतो, नोंद करावी लागते आणि ती नोंद जोडलेल्या प्रत्येक यंत्राला कळवावी लागते. इतके काम पुन्हा कधी एकदम येत नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये फाइलचा आकार, बदलाची वेळ आणि अशाच वरवरच्या खुणा पूर्वीप्रमाणेच असतील, तर फाइल उघडलीसुद्धा जात नाही.

उतरण्याच्या बाबतीत गो भाषेची कचरा-सफाई लक्षात घ्यावी लागते. गोचा प्रोग्रॅम वापरून झालेली मेमरी तत्क्षणी परत करत नाही. मूळ सेटिंगनुसार जिवंत, म्हणजे अजून वापरात असलेल्या, माहितीच्या दुपटीपर्यंत मेमरी वाढू दिली जाते, मग सफाई होते आणि रिकामी झालेली जागा हळूहळू ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. म्हणून जिवंत माहिती १२० एमबी असेल, तर २४० एमबीच्या आसपासचा आकडा हा दोष नाही. स्कॅन संपल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा.

मेमरी कमी करण्यासाठी सर्वांत आधी काय करावे?

सेटिंगला हात लावण्यापूर्वी फोल्डर उघडून पाहावा. ज्या फायली सिंक होण्याची गरजच नाही त्या वगळणे, या एका उपायाने जेवढा फरक पडतो तेवढा खालच्या सगळ्या सेटिंग मिळूनही क्वचितच पडतो.

माझ्या ओळखीच्या एका लग्नसमारंभांच्या छायाचित्रकाराचा लॅपटॉप असाच अडखळत होता. आम्ही दोघांनी मिळून त्याचा एका लग्नाचा फोल्डर उघडला. मूळ फोटो काही हजार होते आणि ते अपेक्षितच होते. पण त्यांच्या शेजारी फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरने आपणहून तयार केलेला प्रिव्ह्यूंचा फोल्डर होता. त्याच्या आत एकेका अक्षराच्या नावाचे उपफोल्डर, त्यांच्या आत चार-चार अक्षरांचे, आणि त्यांच्या आत लांबलचक निरर्थक नावांच्या बारीक फायली. फायलींची संख्या मूळ फोटोंच्या कितीतरी पट होती आणि संपादन चालू असताना त्या सतत बदलत होत्या. हे प्रिव्ह्यू दुसऱ्या संगणकावर ते सॉफ्टवेअर स्वतःच पुन्हा तयार करू शकते, त्यामुळे ते सिंक करण्यातून त्याला काहीच मिळत नव्हते. तो फोल्डर वगळला आणि तक्रार संपली.

असे फोल्डर ओळखीचे असतात. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांकडे नोड मॉड्यूल्स, गिटचा अंतर्गत फोल्डर, पायथॉनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि बिल्डमधून निघालेल्या फायली, हिशेबाच्या किंवा मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फायली, ब्राउझरचे प्रोफाइल, लघुचित्रांचे कॅशे. गिटच्या फोल्डरबाबत तर मेमरीपेक्षाही मोठे कारण आहे: दोन संगणकांवर एकाच वेळी काम झाले, तर तो सिंकमधून बिघडू शकतो.

वगळण्याचे नियम फोल्डरच्या ‘एडिट’ खिडकीतील ‘इग्नोर पॅटर्न्स’ या टॅबमध्ये, एका ओळीत एक असे लिहायचे असतात. ते त्या फोल्डरच्या मुळाशी, ठिपक्याने सुरू होणाऱ्या एसटी-इग्नोर या फाइलमध्ये साठवले जातात. येथे दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते आणि मग उपाय लागू पडला नाही असे वाटते. एक म्हणजे ही फाइल स्वतः सिंक होत नाही. नियम एका संगणकावर लिहिले आणि दुसऱ्यावर नाही, तर दुसरा संगणक त्या सर्व फायलींच्या नोंदी पाठवत राहतो आणि त्या आपल्या डेटाबेसमध्ये साठत राहतात. म्हणून नियम प्रत्येक यंत्रावर लिहावेत, किंवा ते एका साध्या, सिंक होणाऱ्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक ठिकाणच्या एसटी-इग्नोरमध्ये तिचा समावेश करण्याची एकच ओळ लिहावी. दुसरी गोष्ट उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या, म्हणजे ‘हे मात्र घ्या’ असे सांगणाऱ्या नियमांची. असे नियम नसतील तर वगळलेल्या फोल्डरच्या आत सिंकथिंग उतरतच नाही. असतील तर आत काही घ्यायचे आहे का, हे पाहण्यासाठी त्याला खाली जावे लागू शकते. शक्य तिथे पूर्ण फोल्डर वगळावा आणि अपवादांचे नियम कमीत कमी ठेवावेत.

स्कॅनची टक्केवारी बंद केल्याने मेमरी वाचते, असे ऐकले. हे खरे आहे का?

खरे आहे, आणि या सेटिंगला जितके श्रेय मिळायला हवे तितके मिळत नाही. ‘इतके टक्के स्कॅन झाले’ असे सांगायचे, तर एकूण काम किती हे आधी माहीत हवे. त्यासाठी सिंकथिंग हॅश काढायच्या सर्व फायलींची यादी प्रथम पूर्ण करते, ती मेमरीत धरून ठेवते आणि मगच कामाला लागते. पहिल्या स्कॅनमध्ये ही यादी लाखांत असू शकते. टक्केवारी नको असे सांगितले, की सापडेल तशी फाइल थेट पुढे पाठवली जाते आणि यादी साठवण्याचे कारणच उरत नाही.

त्यासाठी ‘अ‍ॅक्शन्स’ मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकी उघडावी, आपला फोल्डर निवडावा आणि ‘स्कॅन प्रोग्रेस इंटर्व्हल’ पुढे उणे एक लिहावे. शून्य लिहिल्यास ते बंद होत नाही, मूळ सेटिंग लागू होते, म्हणून उणे चिन्ह विसरू नये. फायली उतरतानाची प्रगती दाखवण्याचे सेटिंग वेगळे आहे. ते ‘ऑप्शन्स’ विभागात ‘प्रोग्रेस अपडेट इंटर्व्हल’ या नावाने असते आणि तेही उणे एक केल्याने बंद होते. त्यातून होणारी बचत किरकोळ असते.

माझ्याकडे बारा फोल्डर आहेत. संगणक सुरू केला की सगळे एकदम स्कॅन होऊ लागतात. काय करावे?

‘ऑप्शन्स’ विभागातील ‘मॅक्स फोल्डर कन्करन्सी’ हे सेटिंग १ करावे. मूळ सेटिंगमध्ये प्रोसेसरचे जितके कोअर, तितके फोल्डर एकाच वेळी स्कॅन किंवा सिंक होऊ शकतात. आठ कोअरच्या संगणकावर आठ फोल्डर. १ लिहिल्यावर फोल्डर रांगेने घेतले जातात. एकूण वेळ थोडा वाढतो, पण शिखराचा आकडा बराच खाली येतो. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर वेळही बहुधा वाढत नाही, कारण आठ ठिकाणचे वाचन एकदम करताना तिची सुई इकडून तिकडे धावण्यातच वेळ घालवत असते.

त्याच खिडकीत प्रत्येक फोल्डरला ‘हॅशर्स’ हे सेटिंग असते. हॅश काढण्याची किती कामे एका वेळी चालावीत, हे ते ठरवते. विंडोज आणि मॅकवर ते आपोआप १ असते, त्यामुळे तिथे त्याला हात लावण्याचे कारण नाही. लिनक्सवर मात्र कोअरची संख्या फोल्डरांत वाटून दिली जाते. फोल्डर एकच असेल तर सगळे कोअर त्यालाच मिळतात. तिथे १ लिहिणे उपयोगी ठरते.

मोठ्या फायली उतरत असताना किंवा पाठवल्या जात असताना मेमरी वाढते. ती आवरता येते का?

येते. मागवलेले पण अजून हातात न आलेले तुकडे किती असावेत, यावर प्रत्येक फोल्डरला मर्यादा असते. तिचे नाव ‘पुलर मॅक्स पेंडिंग’ आणि तिचे मूळ मूल्य ३२ एमबी. पाच फोल्डर एकदम उतरत असतील तर ही बेरीज १६० एमबीपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे आधीच्या उत्तरातले रांगेचे सेटिंग येथेही कामी येते, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. पाठवण्याच्या बाजूला ‘मॅक्स कन्करंट इनकमिंग रिक्वेस्ट’ हे सेटिंग आहे. दुसऱ्या यंत्रांनी मागितलेली माहिती एका वेळी किती मेमरीत धरावी, हे ते ठरवते. त्याची मूळ मर्यादा २५६ एमबी आहे. ४ जीबीच्या संगणकावर ती ६४ एमबी करायला हरकत नाही. ३२ एमबीच्या खालचा आकडा लिहिला, तरी सिंकथिंग तो ३२ वरच नेते, कारण १६ एमबीचे निदान दोन तुकडे त्यात मावायला हवेत. दोन्ही सेटिंगमधले आकडे केबीमध्ये लिहायचे असतात. ६४ एमबीसाठी ६५५३६.

फायलींवर लक्ष ठेवणारा वॉचर बंद करावा का?

सहसा नाही. वॉचरमुळे बदल काही सेकंदांत कळतो आणि पूर्ण स्कॅन तासातून एकदा केले तरी भागते. विंडोज आणि मॅकवर एका फोल्डरच्या आतील सगळ्या वृक्षावर लक्ष ठेवण्याची सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आहे, त्यामुळे त्याचा खर्च नगण्य असतो. लिनक्सवर इनोटिफाय ही सोय वापरली जाते आणि तिच्यात प्रत्येक उपफोल्डरला वेगळा पहारा लावावा लागतो. असा एक पहारा ६४-बिट कर्नलमध्ये सुमारे एक केबी मेमरी घेतो, आणि ही मेमरी कर्नलच्या खात्यावर पडते, सिंकथिंगच्या स्तंभात दिसत नाही. दहा हजार उपफोल्डरांना सुमारे १० एमबी लागतात, ही चिंतेची गोष्ट नाही. एक लाख उपफोल्डर असतील तर १०० एमबीच्या आसपास लागतात, आणि तेव्हा विचार करावा. पण तो विचारही पहिल्यांदा ‘हे एक लाख फोल्डर कशाचे आहेत’ हाच असावा. वगळलेल्या फोल्डरांवर पहारा लावला जात नाही.

पहाऱ्यांच्या संख्येवर लिनक्सची मर्यादा असते. जुन्या कर्नलमध्ये ती ८१९२ होती आणि अनेकांना ती हाताने वाढवावी लागे, ५.११ या आवृत्तीपासून कर्नल ती संगणकाच्या रॅमच्या प्रमाणात स्वतः ठरवते.

तरीही वॉचर बंद केलाच, तर शेजारच्या पूर्ण स्कॅनच्या मध्यंतराकडे अवश्य पाहावे. वॉचर बंद केल्यावर तो आकडा तासावरून ६० सेकंदांवर आलेला दिसेल. लाखभर फायलींचा फोल्डर दर मिनिटाला तपासला जाऊ लागला, तर मेमरी, डिस्क आणि बॅटरी या तिन्हींचा खर्च पूर्वीपेक्षा वाढेल.

गो भाषेची सफाई अधिक वेळा व्हावी, असे सांगता येते का?

होय. त्यासाठी सिंकथिंगमध्ये सेटिंग नाही. ते सुरू होण्यापूर्वी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेले मूल्य, द्यावे लागते. जीओजीसी या व्हेरिएबलचे मूळ मूल्य १०० आहे, म्हणजे जिवंत माहितीइतकीच आणखी मेमरी वाढू दिली जाते. ते ५० केले, तर १२० एमबीच्या जिवंत माहितीला २४० ऐवजी १८० एमबीवरच सफाई सुरू होते. त्याची किंमत प्रोसेसरच्या कामात मोजावी लागते, पण शांत अवस्थेत ती जाणवत नाही.

दुसरे व्हेरिएबल जीओमेमलिमिट. गोच्या १.१९ या २०२२ मधील आवृत्तीपासून ते उपलब्ध आहे. त्यात एकूण मेमरीची इच्छित मर्यादा देता येते आणि मर्यादा जवळ आली की सफाई आपोआप वाढते. मात्र ही सौम्य मर्यादा आहे. जिवंत माहितीच ३०० एमबी असताना २०० ची मर्यादा दिली, तर मेमरी २०० वर येणार नाही; उलट सफाई सतत चालू राहील आणि प्रोसेसरचा निम्म्यापर्यंत वेळ तिच्यातच जाऊ शकेल. म्हणून शांत अवस्थेतला आकडा आधी मोजावा आणि मर्यादा त्याच्यापेक्षा बरीच वर ठेवावी.

लिनक्सवर ही व्हेरिएबल सिंकथिंगच्या सिस्टिमडी सेवेत लिहावीत. विंडोजवर ती वापरकर्त्याच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये लिहिली, तर त्या खात्यातून चालणाऱ्या गो भाषेतल्या इतर सर्व प्रोग्रॅमनाही लागू होतात, हे ध्यानात ठेवावे. सिंकथिंग सुरू करणाऱ्या छोट्या बॅच फाइलमध्ये ती लिहिणे अधिक सुरक्षित.

सिस्टिमडीमधून कडक मर्यादा घालून टाकली तर?

मेमरी-मॅक्स ही कडक मर्यादा ओलांडली आणि सोडण्याजोगा कॅशे उरला नसला, तर कर्नल प्रक्रियाच संपवते. सिंकथिंग पुन्हा सुरू होते, पुन्हा स्कॅन करते, पुन्हा मर्यादेला धडकते, आणि हे चक्र चालूच राहते. लावायचीच असेल तर मेमरी-हाय ही मऊ मर्यादा लावावी.

आवृत्ती २ घेतल्याने मेमरी कमी होते का?

याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण आतली रचनाच बदलली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून सिंकथिंगने पूर्वीचा लेव्हलडीबी सोडून एसक्यूलाइट हा डेटाबेस घेतला. जुन्या आवृत्तीतील ‘डेटाबेस ट्यूनिंग’ हे सेटिंग, जे लहान संगणकांवर ‘स्मॉल’ करण्याचा सल्ला दिला जात असे, त्यामुळे कालबाह्य झाले आहे. जुने लेख वाचून ते शोधत बसू नये. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होते तेव्हा जुना डेटाबेस नव्यात आणला जातो. मोठ्या डेटाबेसला त्यासाठी बराच वेळ लागतो आणि त्या काळातले आकडे नेहमीचे समजू नयेत. मधेच वैतागून संगणक बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

एक सुधारणा मात्र निश्चितपणे उपयोगी आहे. पूर्वी काढून टाकलेल्या फाइलची नोंदही डेटाबेसमध्ये कायम राहत असे, कारण दीर्घकाळ बंद असलेले एखादे यंत्र परत आले तर त्याला ‘ही फाइल काढलेली आहे’ असे सांगावे लागते. वर्षानुवर्षे बारीक फायली तयार होऊन पुसल्या गेलेल्या फोल्डरमध्ये हे ओझे जिवंत फायलींपेक्षाही मोठे होई. आवृत्ती २ मध्ये अशा नोंदी पंधरा महिन्यांनी विसरल्या जातात.

डेटाबेस पुसून नव्याने सुरुवात करण्याचा मार्ग दोन्ही आवृत्त्यांत आहे. परंतु त्यात काढलेल्या फायलींच्या नोंदीही जातात, त्यामुळे एखाद्या यंत्रावर अजून शिल्लक असलेली जुनी फाइल सर्वत्र परत येऊ शकते. नुसत्या मेमरीसाठी हे करू नये, आणि करायचेच झाले तर आधी सर्व यंत्रे जुळलेली आहेत याची खात्री करून, बॅकअप घेऊन करावे.

आमच्या कार्यालयात सहा संगणक एकमेकांशी जोडलेले आहेत. त्याने फरक पडतो का?

पडतो. ज्या ज्या यंत्राशी फोल्डर वाटलेला असतो, त्या प्रत्येकाकडे कोणत्या फायली कोणत्या अवस्थेत आहेत याची नोंद आपल्या डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. सहाही संगणक परस्परांशी जोडले, तर प्रत्येकाला इतर पाचांच्या नोंदी सांभाळाव्या लागतात. त्याऐवजी कायम चालू असणारा एक संगणक मध्यवर्ती मानून बाकीचे पाच फक्त त्याला जोडले, तर त्या पाचांकडे एकाच यंत्राच्या नोंदी राहतात. सर्वांत जास्त रॅमचा संगणक मध्यवर्ती करावा. मध्यवर्ती संगणक बंद असेल तेव्हा सिंक थांबते, ही या रचनेची उणीव स्वीकारावी लागते.

फायलींची नावे मराठीत असल्याने मेमरी जास्त लागते का?

हा प्रश्न रास्त आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त या खुणा वेगळ्या मोजल्या जातात. ‘वार्षिक अहवाल’ या नावात बारा खुणा आणि एक मोकळी जागा आहे, म्हणजे ३७ बाइट. रोमन लिपीत तेच नाव पंधरा-सोळा बाइटांत बसले असते. परंतु एका ४ एमबीच्या फोटोचे हॅशच १०२४ बाइटांचे असतात, तिथे वीस-बावीस बाइटांचा फरक कुठेच दिसत नाही. मेमरीसाठी मराठी नावे बदलण्याची अजिबात गरज नाही. काळजी घ्यायची ती लांबीची: लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीच्या सुमारे ८५ खुणा. विंडोजवर सहज मावलेले लांब मराठी शीर्षक लिनक्सच्या संगणकावर उतरताना अडते, ते यामुळे.

मी सिंकथिंग नव्हे, वनड्राइव्ह वापरतो. यातले काही मला लागू पडते का?

फायलींच्या संख्येचा मुद्दा पूर्ण लागू पडतो. मायक्रोसॉफ्टचीच शिफारस आहे की चांगल्या कामगिरीसाठी एकूण ३,००,००० पेक्षा अधिक फायली सिंक करू नयेत. ‘फाइल्स ऑन-डिमांड’मुळे डिस्कवरची जागा वाचते, पण न उतरवलेल्या फाइलचीही नोंद ठेवावीच लागते. नको असलेले फोल्डर ‘चूज फोल्डर्स’मधून पूर्णपणे वगळणे हाच तिथलाही पहिला उपाय.

सगळे करून पाहिले, तरी मेमरी दिवसेंदिवस वाढतच राहते. आता काय?

फायली बदलत नसताना, स्कॅन संपलेले असताना, तीन-चार दिवस आकडा फक्त चढत असेल आणि पुन्हा सुरू केल्यावर खाली येऊन तसाच चढत असेल, तर ती मेमरी-गळती, म्हणजे वापरून झालेली मेमरी कधीच न सोडण्याचा दोष, असू शकते. रोज रात्री सिंकथिंग आपोआप बंद-चालू करण्याची युक्ती अनेक जण सुचवतात; तिने लक्षण लपते, दोष तसाच राहतो आणि तुमच्याच संगणकावर दिसणारा तो दोष प्रकल्पाच्या लोकांना कधी कळत नाही. त्यापेक्षा प्रथम ताजी आवृत्ती बसवून पाहावी. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ खिडकीतील ‘जीयूआय’ विभागात ‘डीबगिंग’ चालू करावे. त्यानंतर ‘अ‍ॅक्शन्स’ मेनूत ‘सपोर्ट बंडल’ हा पर्याय दिसू लागतो. मेमरी चढलेली असतानाच तो दाबून मिळालेली झिप फाइल, आवृत्तीचा क्रमांक, फायलींची अंदाजे संख्या आणि सुरुवातीला कागदावर लिहिलेले तीन वेळांचे आकडे, एवढे प्रकल्पाकडे कळवावे. झिप फाइल पाठवण्यापूर्वी ती स्वतः उघडून लॉग वाचून काढावा, कारण त्यात फायलींची आणि फोल्डरांची नावे आलेली असू शकतात. ग्राहकांची, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची नावे फायलींना दिलेली असतील, तर ती आधी खोडावीत.